पलीकडे उतरला तो कोण?

भारतीय तर्कशास्त्रात ‘तोच हा देवदत्त’ हे वाक्य शतकानुशतके उदाहरण म्हणून वापरले गेले आहे. फार वर्षांपूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटतो, त्याचे केस पिकलेले असतात, शरीर थकलेले असते, तरी पाहणारा ‘तोच हा’ असे निःशंकपणे म्हणतो. या ओळखीला ‘प्रत्यभिज्ञा’ असे नाव असून तीत जुनी आठवण आणि समोरचे दर्शन ही दोन ज्ञाने एकत्र येतात. नैयायिकांनी या ओळखीच्या आधारे स्थिर आत्मा सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, अद्वैत वेदान्त्यांनी तिच्या साहाय्याने ‘तत्त्वमसि’चा अर्थ उलगडला, आणि बौद्धांनी ही ओळख केवळ साम्यामुळे होणारा आभास आहे असे म्हणून तिचा पायाच काढून घेतला. एवढ्या दीर्घ वादात देवदत्ताचा प्रवास मात्र कोणालाच संशयास्पद वाटला नाही. तो चालत गेला असेल किंवा बैलगाडीने. वाटेत तो संपूर्ण नाहीसा होऊन पलीकडे नव्याने घडला असेल, अशी शंका घेण्याचे कारणच नव्हते. ते कारण १९६६ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने पुरवले, आणि तेही पैसे वाचवण्याच्या गरजेपोटी.

जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. एंटरप्राइज नावाचे अवाढव्य अंतराळयान दर आठवड्याला नव्या ग्रहापाशी पोचते, अशी तिची योजना होती. परंतु ते यान प्रत्येक भागात जमिनीवर उतरवून दाखवणे निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून ‘ट्रान्सपोर्टर’ ही युक्ती काढण्यात आली. एका चौथऱ्यावर माणसे उभी राहतात, झगमगत्या प्रकाशात विरून जातात आणि ग्रहावर पुन्हा उमटतात. यंत्र शरीराच्या कणाकणाची मांडणी वाचते, शरीर विघटित करते आणि त्या मांडणीबरहुकूम पलीकडे ते पुन्हा रचते, असे स्पष्टीकरण पुढे तयार झाले. त्यात कणाची स्थिती आणि संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक मोजता येत नाहीत या हायझेनबर्गच्या तत्त्वावर मात करणारा एक खास भागही बसवण्यात आला. तो भाग कसा चालतो असे विचारल्यावर मालिकेच्या तांत्रिक सल्लागाराने ‘उत्तम चालतो’ एवढेच उत्तर दिले होते, आणि निष्ठावंत चाहत्यांनी ते हसून मान्य केले. मूळ मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली, पण १९८७ पासून ‘द नेक्स्ट जनरेशन’, मग ‘डीप स्पेस नाइन’, ‘व्हॉयेजर’ आणि त्यानंतरही कितीतरी शाखा तिला फुटल्या. महाराष्ट्रातल्या एका पिढीने मूळ मालिका १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिली, आणि तिच्यापैकी अनेकजण पुढे पिंपरी, भोसरी व चाकणच्या कारखान्यांत अभियंते झाले.

या औद्योगिक पट्ट्याचा उल्लेख येथे योगायोगाने येत नाही. (टेल्कोचा पुण्याचा कारखाना आणि ही मालिका दोन्ही १९६६ची, हा मात्र निव्वळ योगायोग.) देहू, आळंदी, चिंचवड आणि देहूरोड ही चार ठिकाणे या पट्ट्याच्या आत किंवा कडेला आहेत, आणि माणूस म्हणजे त्याचे शरीर की शरीरापलीकडचे काही, या प्रश्नाला त्या प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळालेले आहे. आळंदीला ज्ञानेश्वर १२९६ मध्ये समाधिस्थ झाले, परंतु ती समाधी ‘संजीवन’ मानली जाते. अजानवृक्षाचे मूळ गळ्याला लागत असल्याचे ज्ञानेश्वरांनी एकनाथांना स्वप्नात सांगितले, ही कथा शरीर तेथे अजून आहे आणि त्याला मूळ टोचू शकते, हे गृहीत धरूनच चालते. देहूला तुकाराम १६५० मध्ये वैकुंठाला गेले ते ‘सदेह’, म्हणजे देहासकट गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. झगमगाटात नाहीशा होणाऱ्या आकृतींशी तिचे नाते जोडण्याचा मोह काहींना होतो, पण तो उथळ आहे. ट्रान्सपोर्टरला देह मोडल्याशिवाय माणूस नेता येत नाही, तर ‘सदेह’ या शब्दाचा सारा भर देह मोडला नाही यावरच आहे. देह म्हणजे टाकून द्यायचे वस्त्र, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त मुखोद्गत असलेल्या परंपरेने आपल्या सर्वांत लाडक्या संताच्या बाबतीत देहाचा एवढा आग्रह धरावा, ही बाब तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी जेवढ्या गांभीर्याने घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली दिसत नाही.

ट्रान्सपोर्टरचे खरे नाते देहूच्या दुसऱ्या कथेशी आहे. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या सांगण्यावरून तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. चमत्कार न मानणारे म्हणतात की वह्या गेल्या तरी अभंग लोकांच्या कंठात होते, आणि चाकणला जन्मलेल्या, जातीने तेली असलेल्या संताजी जगनाडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या लेखणीने व आठवणीने ते पुन्हा कागदावर उतरले. दोन्ही बाजू तावातावाने मांडल्या जातात, पण दोघांनाही एक गोष्ट मान्य असते, ती ही की वाचले ते तुकारामांचेच अभंग. कागद तोच असो वा नवा, अक्षर तुकारामांचे असो वा संताजींचे, अभंगाच्या तोचपणाला बाध येत नाही, कारण अभंग ही शब्दांची एक मांडणी आहे आणि मांडणीच्या शंभर प्रती काढल्या तरी त्यांपैकी एकही नक्कल ठरत नाही. माणूसही अशीच एक मांडणी असेल, तर ट्रान्सपोर्टर निर्धोक आहे. एंटरप्राइजवरून उतरलेला कप्तान म्हणजे नव्या वहीत उतरवलेला जुना अभंग. मालिकेतली बहुतेक पात्रे याच समजुतीवर रोज त्या चौथऱ्यावर उभी राहतात.

ही समजूत मोडली ती मालिकेनेच. १९९३ मध्ये प्रसारित झालेल्या ‘सेकंड चान्सेस’ या भागात विल्यम रायकर हा अधिकारी एका निर्जन ग्रहावर जातो आणि तेथे त्याला विल्यम रायकरच भेटतो. आठ वर्षांपूर्वी त्याच ग्रहावरून त्याला वर घेताना वातावरणातील अडथळ्यामुळे किरणाचे दोन भाग झाले होते. एकातून उमटलेला रायकर यानावर पोचला, बढत्या मिळवत गेला आणि प्रेयसीला विसरला, तर दुसरा त्याच ग्रहावर एकटा अडकून पडला आणि आठ वर्षे तिच्याच आठवणीवर जगला. त्या क्षणापर्यंतच्या दोघांच्या स्मृती सारख्या आहेत, मांडणी सारखी आहे, आणि नक्कल कोणती हे ठरवण्याचे कोणतेही साधन नाही. अभंगाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर अभंग एकच राहतो. दोन रायकर शेजारी उभे केले की एकाच्या पोटात दुखल्याने दुसऱ्याच्या दुखत नाही. मांडणी सारखी असूनही माणसे दोन आहेत, याचा अर्थ माणूस म्हणजे केवळ मांडणी नाही. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९८४ च्या आपल्या ग्रंथात मंगळावर प्रत पाठवणाऱ्या यंत्राची कल्पना करून हाच पेच मांडला होता आणि आपले मत बुद्धाच्या मताजवळ जाते, हेही त्याने नमूद केले होते. पार्फिटचा युक्तिवाद अधिक काटेकोर आहे, यात वाद नाही. पण दोन्ही रायकर एकाच स्त्रीसमोर उभे राहतात तेव्हा जो प्रश्न कळतो, तो नुसत्या युक्तिवादातून तितका कळत नाही.

याच संदर्भात एका मुंबईकर अभिनेत्रीची आठवण ठेवायला हवी. १९६५ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा हिने १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात डोक्याचे मुंडण करून इलिया या अधिकाऱ्याची भूमिका केली. अर्ध्या चित्रपटात इलिया नाहीशी होते आणि तिच्या रूपात एक यंत्र यानावर परतते. इलियाच्या काही स्मृतीही त्या यंत्रात उतरलेल्या असतात, आणि तिचा जुना सखा त्या यंत्राच्या डोळ्यांत तिला शोधत राहतो. एकाच चेहऱ्याने इलिया आणि इलियाची प्रत अशी दोन्ही पात्रे वठवण्याचे अवघड काम खंबाटा हिने केले, त्या मानाने तिची दखल फार कमी घेतली गेली.

मांडणीने काम भागत नसेल तर आणखी कशाने भागेल, याचे एक उत्तर चाकणच्या कारखान्यांत रोज हजारो वेळा पत्र्यावर ठोकले जाते. एकाच आराखड्यावरून निघालेल्या, रंगानेही सारख्या असलेल्या दोन गाड्यांना वेगळे करतो तो चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर उमटवलेला सतरा अक्षरांकांचा क्रमांक. गाडी पुढे एमएच-१४ पासिंगची होते, मालक बदलते, तिचे दरवाजे भंगारात जातात, रीतसर नोंद करून इंजिनसुद्धा बदलले जाते, पण चॅसिस नंबर टिकला तर कागदोपत्री गाडी तीच राहते. विमा किंवा हस्तांतराच्या वेळी त्या क्रमांकावर कागद दाबून वरून पेन्सिल घासतात, आणि पत्र्यावर खोल गेलेली अक्षरे कागदावर पांढरी उमटतात; ती छाप हीच गाडीची प्रत्यभिज्ञा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलेल्या प्रसिद्ध कोड्यात थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत जाते आणि शेवटी मूळ लाकूड उरत नाही, तेव्हा जहाज तेच का, असा प्रश्न येतो. आरटीओच्या खिडकीवर या कोड्याला अर्धा मिनिटही लागत नाही, कारण तेथे तोचपणा वस्तूच्या अंतरंगात शोधलाच जात नाही. नोंद ठेवणाऱ्यांनी आधीच एक खूण निवडलेली असते. दोन रायकरांचा गुंताही अखेर याच मार्गाने सुटला. ग्रहावरच्या रायकराने आपले मधले नाव घेतले आणि तो थॉमस झाला.

आत्मा हा असा अंतरंगातला चॅसिस नंबर आहे, असे बहुसंख्य श्रद्धावान मानतात, आणि मृत्यूसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या समजुतीने धीर मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओळख पटवण्याच्या कामी हा क्रमांक निरुपयोगी आहे, कारण त्याची छाप कोणत्याही कागदावर घेता येत नाही. चौथऱ्यावरून पलीकडे उतरलेल्या माणसात आत्माही उतरला की वाटेत राहिला, हे त्याला भेटणाऱ्या पत्नीला कळणार नाही, आणि खुद्द त्यालाही कळेल याची खात्री नाही. रॉडनबेरी स्वतः धर्मापासून दूर राहणारे मानवतावादी होते आणि भविष्यातील माणूस श्रद्धेच्या पलीकडे गेलेला दाखवावा असा त्यांचा आग्रह असे. तरीही १९८०च्या दशकातल्या चित्रपटांत स्पॉक या पात्राचा ‘कात्रा’, म्हणजे आत्माच, मित्राच्या मनात ठेवून परत आणण्याची कथा आली. एवढ्या लांबलेल्या मालिकेत असे व्हायचेच. मेलेले आवडते पात्र परत आणायचे तर आत्म्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

या दृष्टीने चिंचवडचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. पवनेकाठी समाधी घेतलेल्या मोरया गोसावींच्या ठायी गणपतीचा अंश असून तो त्यांच्या कुळात सात पिढ्या राहील, अशी श्रद्धा होती; त्यामुळे चिंतामणी, नारायण, धरणीधर अशा पुढच्या पुरुषांनाही ‘देव’ म्हणूनच वंदन होई आणि ‘देव’ हेच घराण्याचे आडनाव झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एडवर्ड मूर १८०० च्या सुमारास या देवाला भेटला आणि वंशपरंपरागत जिवंत दैवतावर त्याने निबंध लिहिला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही प्रवासी आली, तेव्हा गादीवर एक मुलगा होता. दोघांच्याही लिखाणात परक्याची कुचेष्टा आहे, पण ज्याकडे ते थट्टेने पाहत होते तो प्रश्न थट्टेचा नव्हता. देह सात, स्वभाव सात, देव मात्र एक, अशी ही मांडणी होती, आणि ती केवळ श्रद्धेपुरती नव्हती; एका पिढीला मिळालेली इनामे आणि एका पिढीने चालवलेले अन्नदान दुसऱ्या पिढीकडे त्याच नात्याने जात असे.

‘डीप स्पेस नाइन’मध्ये डॅक्स नावाचा एक जीव आहे, जो एका यजमानाच्या शरीरात आयुष्यभर राहतो आणि यजमान मेल्यावर सर्व स्मृतींसह दुसऱ्याच्या शरीरात जातो. १९९३ च्या एका भागात जाडझिया डॅक्स या तरुणीला जुन्या खुनाच्या आरोपावरून पकडायला माणसे येतात. आरोप तिच्या आधीचा यजमान कर्झन डॅक्स याच्यावर आहे. कर्झन मेला आहे, पण त्याच्या आठवणी जाडझियाला आहेत. तिला शिक्षा द्यावी काय? चिंचवडच्या इनामाप्रमाणे पुण्य आणि मालमत्ता देहातून देहात जाते असे म्हणणाऱ्याला अपराधही जातो असे म्हणावे लागेल, आणि तेथे माणूस अडखळतो. पटकथाकारही अडखळले: कर्झन त्या रात्री भलतीकडेच होता असा पुरावा शेवटी निघतो आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. चांगल्या प्रश्नापासून असा पळ काढणे ही या मालिकेची जुनी खोड आहे.

जाडझियाच्या खटल्याचा निकाल सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लागलेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. त्यातला रथाचा दृष्टान्त सर्वज्ञात आहे: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, आणि या सर्वांहून वेगळा रथही कोठे नाही, ‘रथ’ हे त्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, आणि ‘नागसेन’ हेही तसेच. असेंब्ली लाईनवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण कितव्या स्टेशनवर सांगाड्याची गाडी झाली, याला उत्तर नसते हे तो रोज पाहतो. परंतु त्याच ग्रंथातला आंब्याचा दृष्टान्त अधिक खोल आहे आणि दुर्दैवाने कमी सांगितला जातो. चोर आंबे चोरतो, पकडला जातो आणि म्हणतो की याने जी कोय पेरली ती वेगळी होती, मी तोडले ते आंबे वेगळे, तेव्हा मी याचे काहीच घेतले नाही. राजा कबूल करतो की चोराला शिक्षा होईलच, कारण नंतरचे आंबे त्या कोयीमुळेच आले. तोच आहे काय, याला नागसेन होकार देत नाही आणि वेगळा आहे काय, यालाही होकार देत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि तिसऱ्या प्रहरीची ज्योत यांच्यासारखे ते नाते आहे. त्यामुळे तोचपणाचा प्रश्न सुटण्यापूर्वीही जबाबदारीचा प्रश्न सोडवता येतो. आधी आत्मा सिद्ध करा, मग हिशेब विचारू, असे म्हणण्याची गरज राहत नाही.

हा विचार या पट्ट्यात केवळ ग्रंथरूपाने आलेला नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच आहे, हे आपले मतही त्यांनी त्या प्रसंगी बोलून दाखवले. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी आत्मा नाकारून पुनर्जन्माचा जो अर्थ लावला आहे, तो ट्रान्सपोर्टरच्या चाहत्याने अवश्य वाचावा असा आहे. मृत्यूनंतर शरीराची मूलद्रव्ये विश्वातल्या तशाच द्रव्यसंचयात मिसळतात आणि त्या संचयातून नवे देह घडतात, या अर्थी पुनर्जन्म आहे. पण तीच व्यक्ती पुन्हा जन्मते काय, असे विचारल्यास त्याच व्यक्तीची सर्व द्रव्ये पुन्हा एकत्र आली तरच ते शक्य होईल, आणि निरनिराळ्या मृतांची द्रव्ये मिसळून देह घडला तर जन्म झाला असे म्हणता येईल, तीच व्यक्ती आली असे मात्र नाही, असे त्यांचे विवेचन आहे. दर ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकारामांची पालखी या देहूरोडवरून पुढे आकुर्डीला मुक्कामी जाते. सदेह वैकुंठाची श्रद्धा आणि अनात्मवादाचे विहार यांच्यामध्ये एका मैदानाइतकेही अंतर उरत नाही, आणि तेवढ्यासाठी कोणी वाट बदलत नाही.

जबाबदारीचा प्रश्न आधी घ्यावा, हे मालिकेला सर्वांत चांगले उमगले ते १९८९ मधील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात. डेटा हा यंत्रमानव यानावर अधिकारी आहे; त्याला सुटासुटा करून त्याच्यासारखे हजारो बनवावेत, असा एका शास्त्रज्ञाचा बेत असतो, आणि डेटा नकार देऊन राजीनामा देतो, तेव्हा मालमत्तेला राजीनामा देता येतो काय, यावर सुनावणी होते. विरोधी बाजू मांडण्याचे काम गळ्यात पडलेला त्याचाच मित्र रायकर भर सुनावणीत त्याचा हात काढून दाखवतो आणि मग बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा बसल्या जागी लुळा पडतो. बचाव करणाऱ्या कप्तानाला डेटा जिवंत आहे हे सिद्ध करता येत नाही. तो वेगळाच प्रश्न विचारतो: असे हजारो निर्माण झाले, तर एका संपूर्ण वंशाला वापरून टाकून देण्याची मुभा आपण स्वतःला देणार आहोत काय? न्यायाधीश कबूल करते की याला आत्मा आहे की नाही, तिला माहीत नाही, आपल्याला स्वतःला आहे की नाही हेही माहीत नाही. पण तो प्रश्न स्वतःपुरता शोधण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे.

चाकणच्या बॉडी शॉपमध्ये, म्हणजे जेथे सुटे पत्रे जोडून गाडीचा सांगाडा उभा राहतो त्या विभागात, खंडेनवमीला वेल्डिंग रोबोंनाही झेंडूची माळ घातली जाते. पिवळा किंवा केशरी हात मध्येच थांबवलेला असतो, कोपराच्या सांध्यावर हळदकुंकू लागलेले असते, जवळच्या फिक्स्चरपाशी नारळ फुटलेला असतो. यात यंत्राला माणूस मानणे नाही. ज्याच्यामुळे हाताला काम मिळते त्याची वर्षातून एकदा जाणीव ठेवणे आहे. परंतु त्याच जागी, माळ घालणाऱ्याच्या बाबतीत, एक वेगळी रीत अनेक ठिकाणी चालत आली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सलग सेवेचे २४० दिवस हे कामगाराच्या हक्कांचे एक माप ठरवले, आणि ते भरण्याआधी कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ देण्याची पद्धत रूढ झाली. काही दिवसांनी तोच मुलगा त्याच गेटमधून आत येतो, त्याच मशीनवर उभा राहतो, सुपरवायझर त्याला नावाने हाक मारतो. मात्र त्याचा टोकन नंबर नवा असतो, कधी कंत्राटदारही नवा असतो, आणि कागदाच्या दृष्टीने तो आज प्रथमच उगवलेला असतो. गाडीचे इंजिन बदलले तरी क्रमांक टिकवून तिचा तोचपणा जपला जातो. येथे केसही न बदललेल्या माणसाचा क्रमांक बदलून त्याचा तोचपणा मोडला जातो. चोराने मिलिंदापुढे केलेला युक्तिवाद हाच होता: ती कोय वेगळी, हे आंबे वेगळे.

‘तोच हा’ किंवा ‘तो हा नव्हे’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे आणि त्या निर्णयाने कोणाचे ओझे उतरते, हे पाहिल्याखेरीज व्यक्तीच्या तोचपणाची चर्चा अपुरी राहते. आणि ही कसोटी लावली तर मालिकेच्या चाहत्यांमध्ये १९९६ पासून चालत आलेला एक वाद निकाली काढता येतो. ‘व्हॉयेजर’मधील ‘ट्युविक्स’ या भागात टुव्हॉक हा सुरक्षा अधिकारी आणि नीलिक्स हा आचारी असे दोघे ट्रान्सपोर्टरच्या बिघाडात एका फुलझाडासह मिसळून जातात आणि पलीकडे एकच माणूस उतरतो. त्याला दोघांच्या आठवणी आहेत, पण स्वभाव स्वतःचा आहे. आंबेडकरांच्या विवेचनानुसार हा नवा जन्म, जुन्यांपैकी कोणीही नाही. तो दोन्ही कामे सांभाळतो, लोकांना आवडू लागतो, आणि काही आठवड्यांनी त्याला पुन्हा वेगळे करण्याचा उपाय सापडतो, तेव्हा जगायचे आहे असे सर्वांसमोर सांगतो. कप्तान जेनवेचा युक्तिवाद असा की, जे दोघे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने तिला बोलले पाहिजे. युक्तिवाद पोकळ नाही. त्या दोघांचीही वाट पाहणारी माणसे होती. तरीही हा निर्णय ती घेऊ शकली ती समोरच्याला ‘तू कोणीच नाहीस, तू अपघात आहेस’ असे मानण्याची सत्ता तिच्या हाती होती म्हणून, आणि त्यातून मिळणार होते ते जुने सहकारी तिचेच होते. जेनवेचा निर्णय चूक होता. यानावरच्या डॉक्टरने, जो स्वतः प्रकाशाची एक आकृती आहे, ते काम करायला नकार दिला. तिने ते स्वतःच्या हाताने केले, परत आलेल्या दोघांचे स्वागत केले आणि एक शब्दही न बोलता ती बाहेरच्या मोकळ्या मार्गिकेतून चालत निघून गेली.